तिच्या आवाजाची वाटणी

मी, खाली सही करणारा, तिजोऱ्या आणि कुलपं बनवण्यात उभा जन्म घालवलेला, आता दुकान सोडून घरी बसलेला, वय सत्तरीपार, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, हात फारसा थरथरत नाही आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. घाई मात्र आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, काळजी करण्यासारखं काही नाही, आणि त्याच दमात काही बरंवाईट झालं तर दवाखाना जबाबदार नाही अशा कागदावर माझी सही घेतली. तेव्हाच ठरवलं की आपलाही एक कागद तयार असावा. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तसा एखादा कागद कोणी पुढे केला तर तो खोटा समजावा.

माझ्या पश्चात बायको, एक मुलगी, तिचा नवरा, त्यांची मुलं आणि माझा धाकटा भाऊ एवढी माणसं आहेत. त्यांच्यात भांडणं लागावीत इतकी मालमत्ता माझ्याकडे नाही. तरीही लिहितो, कारण एका वस्तूवाचून माझ्या बायकोचं पुढे चालणार नाही, आणि ती वस्तू आज घरात नाही, दुरुस्तीला गेली आहे. परत येईल की नाही ते कोणी सांगू शकत नाही. तिच्याबद्दल कलम चारपासून पुढे लिहिलं आहे. ज्याला घाई असेल त्याने आधी तेच वाचावं.

कलम एक. घर.

राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गच्ची यांसह, माझ्या स्वकष्टार्जित कमाईचं आहे. ते माझ्या पश्चात संपूर्ण मालकी हक्काने बायकोला मिळावं. तिच्या हयातीत तिला इथून हलवण्याची गोष्ट कोणी प्रेमानेसुद्धा काढू नये. हे मी मुलीला उद्देशून लिहितो आहे. बाळ, तुझा आईवर जीव आहे, मला ठाऊक आहे. पण तुझ्या घरी प्रत्येक खोलीत काहीतरी चालू असतं, सगळे एकाच वेळी बोलतात, आणि तुझी आई एक वाक्य टाइप करेपर्यंत तुमचे तीन विषय बदललेले असतात. तिथे ती नुसती बघत बसेल. इथले शेजारी तिचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायला शिकले आहेत.

कलम दोन. शिल्लक.

बँकेत जे काही असेल ते बायकोचं, आणि तिच्यानंतर मुलीचं. ते कुठे गुंतवावं याबद्दल जावयाने सल्ला देऊ नये. माणूस सरळ आहे, मदतीला धावतो, पण सल्ला द्यायला त्याहून जोरात धावतो. त्याचा एक सल्ला आम्हाला काय भावात पडला ते पुढे येईल.

कलम तीन. हत्यारं, आणि धाकट्याचा विषय.

माझ्या कानशी, पान्हे, हातड्रिल, किल्ल्या घासायचं लहान यंत्र आणि कुलपाला लावून ऐकायची नळी, हे सगळं मागच्या रस्त्यावरच्या तंत्रशाळेला द्यावं. धाकट्या भावाला यातलं काही देऊ नये. दुकान मी उतारवयात त्याच्या नावावर करून दिलं. त्याने महिन्याच्या आत माझा लेथ, लोखंड कातायचं जुनं यंत्र, भंगारात काढला. विचारलं नाही, सांगितलंसुद्धा नाही. मी सहज म्हणून दुकानात गेलो तर लेथच्या जागी एक काचेचं कपाट आणि त्यात बाहेरून मागवलेल्या, बोटाने आकडे दाबायच्या तिजोऱ्या. मला म्हणाला, "दादा, जमाना बदलला." जमाना बदलला हे मलाही कळतं. लेथवर हात ठेवायची तरी संधी द्यायची होती. त्या दिवसापासून मी त्या दुकानाची पायरी चढलेलो नाही आणि चढणार नाही.

कलम चार. ती वस्तू.

माझी बायको पोहायला शिकवायची. तलावाच्या एका टोकाला उभी राहून ती दुसऱ्या टोकाच्या पोराला पाय सरळ ठेवायला सांगायची, आणि मधल्या सगळ्यांचे पाय सरळ व्हायचे. असा आवाज होता. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी तिला सारखा हळू बोल, हळू बोल म्हणायचो. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. सहा वर्षांपूर्वी तिच्या घशाचा आजार निघाला आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं.

ते काढण्याआधी दवाखान्यातल्या एका भल्या बाईने सांगितलं की तुमच्या आवाजात भरपूर वाक्यं वाचून कॉम्प्युटरवर साठवा. त्यावरून एक प्रोग्रॅम तुमचा आवाज घडवतो. मग तुम्ही टाइप करायचं आणि कॉम्प्युटरने तुमच्या आवाजात बोलायचं. हिने घसा दुखत असताना रोज बसून ती वाक्यं वाचली. मी झोपायच्या खोलीच्या दाराला गादी लावून बाहेर पहारा द्यायचो. वाक्यं अगदी काहीच्या बाही होती, हवामानाची, भाजीची, कुणाच्या तरी मांजराची. पण ती वाचताना तिने एकदाही आवाज पडू दिला नाही. शेवटी, कोणी सांगितलेलं नसताना, तिने काही हाकासुद्धा भरल्या. मुलीला मारायची, मला मारायची, तलावावरची.

प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीने तो आवाज त्यांच्याकडे इंटरनेटवर ठेवायची तयारी दाखवली होती. हिने साफ नकार दिला. आवाजाची नक्कल करून लोकांना फसवल्याच्या गोष्टी तिने ऐकल्या होत्या, आणि माझा आवाज परक्याच्या घरी राहणार नाही म्हणाली. म्हणाली म्हणजे तेव्हा खरंच म्हणाली, तोंडाने. म्हणून तो आवाज आमच्या स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपमध्येच राहिला.

मागच्या सोमवारी सकाळी ती मला झापत होती. शस्त्रक्रियेची तारीख मी मुलीपासून लपवली होती, त्यावरून. वाक्याच्या मध्येच आवाज अडकला, एकच अक्षर दोनतीनदा आलं आणि बंद. लॅपटॉप पुन्हा चालू केला तर काळ्या पडद्यावर एक ओळ आली की डिस्क सापडत नाही. त्याआधी काही नाही. खरखर नाही, कुरकुर नाही, मंद होणं नाही.

इथे मला माझ्याच कानाचा राग येतो. आमच्या आधीच्या कॉम्प्युटरमध्ये फिरणारी हार्ड डिस्क होती. ती जायच्या आधी बरेच दिवस आतून टकटक करत होती. मी कुलूपवाला माणूस, मला ते लगेच ऐकू आलं. जावयाला बोलावून सगळं वेळेत उतरवून घेतलं आणि वर्षभर त्याची बढाई मारली. तेव्हापासून माझी पक्की समजूत की डिस्क मरायच्या आधी सांगते, फक्त ऐकणारा हवा. या नव्या लॅपटॉपात एसएसडी आहे. तिच्यात फिरणारं काही नाही, घासणारं काही नाही, त्यामुळे बिघाडाचा आवाज नाही. काहींच्या बाबतीत कॉम्प्युटर आधी इशारा देतो म्हणे. आमच्या बाबतीत दिला नाही. आदल्या दिवसापर्यंत मी तिच्यावर विश्वास ठेवून होतो.

कलम पाच. प्रती कुठे होत्या आणि कशा गेल्या.

कोणी असं समजू नये की आम्ही गाफील होतो. आमच्याकडे आणखी दोन प्रती होत्या.

पहिली जावयाने केली होती. त्याने लॅपटॉपवर रोज आपोआप प्रत निघेल अशी सोय केली आणि मला खांद्यावर थाप मारून सांगितलं की आता निश्चिंत राहा. ती प्रत डी ड्राइव्हवर जात होती. सोमवारी कळलं की सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं आहेत. म्हणजे एकाच तिजोरीचे दोन कप्पे, आणि नेली ती तिजोरीच. मी जावयाला काही बोललो नाही. त्याचा चेहराच असा झाला होता की बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. नंतर मात्र त्याने तीच डिस्क काढून चार वेगवेगळ्या कॉम्प्युटरांना लावून पाहिली, ते करायला नको होतं.

दुसरी प्रत धाकट्याकडे. तेव्हा आमचं बोलणं होतं. वहिनीचा आवाज म्हणून तो हळवा झाला होता. दुकानातल्या बिलांच्या जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली एक एसएसडी होती, तिच्यावर प्रत घेतली आणि ती आमच्या सगळ्यात भारी तिजोरीत ठेवली. आगीतून वाचणारी तिजोरी, दार मी स्वतः बसवलेलं. ठेवली ती ठेवली. आमच्या घराण्यात जपायचं म्हणजे कुलूप लावायचं आणि पुन्हा हात लावायचा नाही. बापाने हेच शिकवलं, आम्ही गिऱ्हाइकांना हेच सांगितलं.

मंगळवारी बायकोने धाकट्याला निरोप पाठवला आणि त्याने तिजोरी उघडली. डिस्क कॉम्प्युटरला दिसली, फायलींची नावं दिसली, पण एकही फाइल धड उघडेना. जी उघडली तिच्यात नुसती खरखर. ज्या बाईकडे आम्ही मेलेली डिस्क दिली आहे तिने कारण सांगितलं. एसएसडीत माहिती विजेच्या बारीक भाराच्या रूपात असते. डिस्क जुनी, आधीच खूप वापरलेली, आणि वर्षानुवर्षं विजेला न जोडता उन्हाच्या भिंतीशी तापत ठेवली, तर तो भार हळूहळू ओसरतो. अधूनमधून जोडली असती, उघडून पाहिली असती, तर वेळीच कळलं असतं. दुकान पत्र्याचं आहे आणि ती तिजोरी पश्चिमेच्या भिंतीला लागून उभी आहे.

आग लागली असती तर ती डिस्क वाचली असती. चोर आले असते तरी वाचली असती. काहीच झालं नाही, आणि ती गेली. धाकटा त्या दिवशी आमच्या दारापर्यंत आला होता. मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. बायकोने त्याला पाणी दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि ती बोलू शकत नव्हती, तेव्हा स्वयंपाकघरात काय झालं ते मला ठाऊक नाही.

कलम सहा. आवाजाची वाटणी.

मेलेली डिस्क जिच्याकडे दिली आहे तिला आम्ही घरात डेटावाली म्हणतो. छापखान्याच्या वर तिची खोली आहे. तिने सांगितलं आहे की साठवणीचे चिप शाबूत असावेत, पण कुठे काय ठेवलं आहे याचा हिशेब ठेवणारा चिप गेला आहे, आणि त्याच्याशिवाय बाकीचं नुसतं भुसकट. आशा आहे, खात्री नाही. तिने आवाज परत मिळवला तर तो पुढीलप्रमाणे वाटून द्यावा.

मूळ प्रत बायकोच्या लॅपटॉपमध्ये. दुसरी प्रत वेगळ्या, बाहेरून जोडायच्या डिस्कवर, मुलीच्या ताब्यात, तिच्या घरी. तिसरी शेजारच्या चष्मेवाल्यांकडे, कारण ते कोणतीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय सोडत नाहीत. मुलीला मी या आवाजाची व्यवस्थापक नेमतो. तिने दर महिन्याला प्रत्येक प्रत जोडावी आणि नुसती नावं न पाहता एक तरी वाक्य वाजवून ऐकावं. प्रत घेऊन झाली की डिस्क काढून ठेवावी, कायम लॅपटॉपला लटकत ठेवू नये, कारण विजेचा एक झटका दोन्ही खाईल. तिन्ही प्रती एका वेळी एका टेबलावर आणू नयेत. डिस्क नीट चालत असली तरी काही वर्षांनी बदलावी. काही वाजेल, कुरकुरेल, आधी कळेल, या भरवशावर कोणीही राहू नये.

धाकट्या भावाला या आवाजाच्या आसपास फिरकू देऊ नये.

कलम सात. आवाज परत आला नाही तर.

हे कलम लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मरणाची भीती वाटत नाही असं मी म्हणणार नाही. वाटते. पण सकाळी उठल्यावर आधी वाटते ती वेगळीच. मी नाही, आवाज नाही, आणि ही स्वयंपाकघरात बसली आहे. दारात आलेला माणूस तिच्याकडे बघून मोठमोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलतो आहे, तिला ऐकू येत नसल्यासारखा. या आठवड्यात हे रोज झालं. औषधाच्या दुकानात पोराने तिची चिठ्ठी हातात घेतली आणि मला विचारलं, "यांना काय हवंय?" ती समोर उभी होती. तिने चिठ्ठी परत घेतली, दुसरं काही न घेता निघाली आणि रस्ताभर माझ्यापुढे चालत राहिली.

त्या प्रोग्रॅममध्ये तयार आवाजही मिळतात. मुलीने आपल्या टॅबलेटवर एक घालून तो आईला दिला. कोणा तरुण बाईचा, फार गोड, काहीतरी विकायला आल्यासारखा. मी पाठमोरा बसलो होतो. मागून ती परकी बाई मला म्हणाली की गोळी घ्यायची राहिली आहे, आणि मी दचकून वळलो. बायकोने माझा चेहरा पाहिला. तेव्हापासून तिने तो टॅबलेट उघडलेला नाही. ती पाकिटांच्या पाठीवर लिहिते.

तेव्हा आवाज परत आलाच नाही तर माझी एवढीच इच्छा आहे. तिचं लिहून होईपर्यंत थांबावं. तिच्या वतीने कोणी उत्तर देऊ नये, मुलीनेसुद्धा. आणि तिच्याशी नेहमीच्या आवाजात बोलावं. तिचे कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत.

कलम आठ. सोमवारी आणि मंगळवारी काय झालं.

वरची कलमं मी शनिवारी आणि रविवारी लिहिली. हे मंगळवारी लिहितो आहे.

काल, सोमवारी दुपारी डेटावालीचा फोन आला. तिने आपल्या यंत्रावर डिस्क जागी केली होती, पण ती थोडा वेळ जागी राहते आणि पुन्हा बेशुद्ध पडते. दर वेळी तिला थंड करून पुन्हा उठवावं लागतं, आणि प्रत्येक उठणं शेवटचं असू शकतं. सगळं मिळेलच असं नाही, तेव्हा आधी काय काढू ते सांगा, म्हणाली. फोन स्पीकरवर होता. बायको माझ्या कोपराशी उभी होती.

मी म्हणालो, घडवलेला आवाज काढा, ती मोठी फाइल, तीच चालवायची असते. डेटावाली म्हणाली की ती फाइल अवजड आहे आणि मध्ये एक तुकडा जरी हरवला तरी सगळी वाया जाईल. मूळ वाक्यं लहान लहान आहेत, जेवढी हाती लागतील तेवढी आपली, पण त्यांवरून आवाज पुन्हा घडवावा लागेल आणि तो आधीसारखाच होईल याची हमी नाही. मी अडलो. तिजोरीत एकच मोठी वस्तू असली की ती आधी उचलायची, माझं डोकं तसंच चालतं. बायकोने माझ्या हातातलं पेन ओढून पाकिटावर लिहिलं, "वाक्यं. एकेक करून." मी तरी विचारलं, नक्की का? तिने ते पाकीट माझ्या तोंडासमोर धरलं. मग मी ते फोनवर वाचून दाखवलं.

त्यानंतर घरात कोणी काही खाल्लं नाही. मुलगी आली, जावई आला, तो कॉम्प्युटरबद्दल एक अक्षर बोलला नाही, याची नोंद त्याच्या बाजूने घ्यावी. माझ्या छातीत मधूनच कळ यायची, ती मी कोणाला सांगितली नाही. डेटावाली अधूनमधून एका ओळीचा निरोप पाठवायची. जागी आहे. झोपली. पुन्हा जागी. संध्याकाळी निरोप आला की आता उठत नाही. तिने बराच वेळ प्रयत्न करून सोडून दिलं. डिस्क कायमची गेली.

बहुतेक सगळी वाक्यं मिळाली होती. हवामान, भाजी, मांजर, सगळं. शेवटचं फोल्डर राहिलं. त्यात तिच्या हाका होत्या.

आज मंगळवारी जावयाने आणि मुलीने मिळून लॅपटॉपच्या नव्या डिस्कवर प्रोग्रॅम बसवला आणि वाक्यांवरून आवाज पुन्हा घडवला. तो थोडा बसका आहे. काही शब्दांवर घसरतो. पण तिचा आहे, मी शेजारच्या घरातूनही ओळखेन. एवढंच की आता ती बोलू शकते, ओरडू शकत नाही. तलावावरची ती हाक जगात कुठेच उरलेली नाही. जावई हसत म्हणाला की बाबांची सुटका झाली. कोणी हसलं नाही. मी गच्चीवर जाऊन रडलो, आणि ते इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

कलम नऊ. खाडाखोड.

आज बुधवार. कागद साक्षीदारांपुढे ठेवण्याआधी मी तो बायकोला वाचायला दिला. तिने चष्मा लावून सगळा वाचला. लेथपाशी नाक मुरडलं. कलम सहाशी थांबली, पुन्हा वाचलं, मग लॅपटॉप पुढे ओढून टाइप करू लागली. मला वाटलं, बरं झालं, काही सुधारणा सुचली असेल.

लॅपटॉप तिच्या आवाजात म्हणाला, "माझा आवाज तुमच्या मालमत्तेत कधी आला हो?"

मी म्हणालो, अगं, वाटणी म्हणजे जपण्यासाठीच. मी नसताना सोय नको का? ती टाइप करत राहिली. मी थांबलो, कारण थांबायचं असतं. ती म्हणाली, "घर तुमचं, द्या. कानशी तुमच्या, द्या. हा आवाज मी वाचून भरला आहे. दुखऱ्या घशाने. व्यवस्थापक नेमायला मी काय दुकान आहे?"

खरं सांगायचं तर रागच आला. आठवडाभर जीव टांगणीला लावून मी जिच्यासाठी हे लिहीत होतो तीच मला चोर ठरवत होती. मी म्हणालो की मग तू एकटी कशी सांभाळशील ते सांग. त्यावर ती म्हणाली की एकटीने सांभाळणार नाही, तिने धाकट्याला सकाळीच फोन केला आहे. तिसरी प्रत त्याच्याकडे राहील. मी म्हणालो, त्याच्याकडे? ज्याने एकदा घालवली त्याच्याकडे? ती म्हणाली, "म्हणूनच. ते आता दर महिन्याला उघडून बघतील. चष्मेवाले विसरतील, भावजी विसरणार नाहीत."

यावर मी बराच वेळ बोललो. ते सगळं इथे लिहीत नाही. ती ऐकून घेत होती आणि मध्ये एकदाही टाइप केलं नाही. शेवटी माझं बोलून संपलं.

म्हणून कलम सहा मी रद्दबातल करतो. खाली काय होतं ते वाचता यावं म्हणून एकाच रेघेने खोडलं आहे आणि रेघेच्या दोन्ही टोकांना सही केली आहे. जी वस्तू माझी नव्हती तिची मी वाटणी करायला बसलो होतो. कलम तीन मात्र तिने सांगूनही बदललेलं नाही. लेथ तो लेथ.

कलम दहा. हे कलम माझं नाही.

हे ती सांगते आहे आणि मी उतरवून घेतो आहे. वकील याला मानेल की नाही माहीत नाही. घरातल्यांनी मानावं.

"माझा आवाज माझा आहे. प्रती तीन. एक माझ्याजवळ, एक लेकीकडे, एक भावजींकडे. तिजोरीत नाही, टेबलाच्या खणात, हाताशी. दर महिन्याला प्रत्येकाने आपली प्रत जोडून एक वाक्य ऐकायचं आणि मला फोन करून सांगायचं. मी उचलेन आणि बोलेन. मी गेले की तिन्ही प्रती पुसायच्या. त्याच दिवशी. मी नसताना माझ्या आवाजात कोणी एक शब्दही वदवायचा नाही. लेकीने नाही, नातवंडांच्या कौतुकासाठी नाही. आणि हे मागे राहिले तर यांनीही नाही."

इथे माझा हात थांबला. गेला आठवडाभर मी फक्त माझ्या मरणाचा विचार करत होतो. ती आधी जाऊ शकते हे मनात आलंच नव्हतं. मी म्हणालो, एक वाक्य तरी ठेवू दे. मांजराचं ठेव, भाजीचं ठेव, मला चालेल. मी कोणाला ऐकवणार नाही.

तिने नाही म्हणून मान हलवली. मग टाइप केलं, नेहमीपेक्षा हळू, आणि लॅपटॉप म्हणाला, "जे ऐकायचं ते आत्ता ऐका. मी इथे आहे."

मी ते कलम तिने सांगितलं तसंच लिहिलं आहे, एक शब्दही इकडचा तिकडे केलेला नाही. मग पेन खाली ठेवलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. ती पुढे बराच वेळ बोलत होती. काय बोलली ते या कागदात नाही.

हा कागद मी वाचून, समजून, कलम सहा खोडून आणि कलम दहा जोडून पुरा केला आहे. याच्या प्रत्येक पानावर माझी सही आहे. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं आणि मग माझ्यासमोर आपापली सही केली. यातलं काहीही त्यांच्यापैकी कोणाला मिळणार नाही, हे त्यांना सांगितलं आहे.

सही : तिजोरीवाला, लिहून ठेवणार

साक्षीदार पहिले : शेजारचे चष्मेवाले. त्यांनी सही करण्याआधी सगळा कागद दोनदा वाचला.

साक्षीदार दुसऱ्या : डेटावाली. मेलेली डिस्क परत द्यायला आल्या होत्या.

ठिकाण : राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल

दिनांक : शस्त्रक्रियेच्या आदला दिवस, बुधवार, अकरा मार्च, संध्याकाळ